डिकीत नको

मला व्हीलचेअर घ्यायची होती तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देत होता, फोल्डिंग घे. घडी होते, डिकीत मावते, अगदी वेळ आली तर रिक्षातही कशीबशी बसते. दुकानदार तेच म्हणाला, मामा तेच म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर सासऱ्यांची माळ्यावर टाकलेली खुर्ची पुसून द्यायची तयारी दाखवली. सगळ्यांचं मन मोठं. पण ऐकता ऐकता लक्षात आलं, की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मी गाडीत मागे किंवा शेजारी बसलेली आहे आणि खुर्चीची घडी दुसरंच कुणीतरी घालतंय. स्टिअरिंगवर मी बसलेय हे चित्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. बरोबरच आहे म्हणा, तेव्हा माझ्याही डोक्यात ते जेमतेम होतं.

ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर सगळा हिशेब फिरतो. साधी फोल्डिंग खुर्ची सतरा-अठरा किलोची. घडी घातली तरी वजन तेवढंच राहतं, फक्त ती चपटी होते. ती बसल्या जागेवरून उचलून, स्वतःच्या अंगावरून पलीकडे न्यायची तर पैलवान पाहिजे. रिजिड खुर्चीचा सांगाडा मात्र एकसंध असतो. नळ्या वेल्ड केलेल्या, मधे बिजागरी नाही, घडीचं नावच नाही. पण तिची मोठी चाकं बटण दाबून निघतात, पाठ पुढे पडून सीटवर झोपते आणि हातात उरतो तो साधारण पाच-सहा किलोचा सांगाडा. म्हणजे घडी न होणारी खुर्चीच एकटीला गाडीत घेता येते. हे दुकानात कुणाला पटवता येत नाही. त्यांच्या लेखी घडी होणारी ती आधुनिक, आणि न होणारी म्हणजे काहीतरी राहून गेलेली.

गंमत अशी, की घडीची खुर्चीही मुळात मोटारीसाठीच निघाली होती. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीतल्या अपघातात पाठ मोडलेला अमेरिकन इंजिनिअर. त्याला गाडीत नेता येईल अशी खुर्ची हवी होती. १९३० च्या दशकात त्याने आणि हॅरी जेनिंग्ज या इंजिनिअर मित्राने सीटखाली फुलीसारख्या दोन पट्ट्या असलेली खुर्ची बनवली. आजही आपल्याकडच्या हॉस्पिटलांत जी निळ्या-काळ्या रेक्झिनची खुर्ची दिसते, ती तिचीच वंशज. रिजिड खुर्चीची गोष्ट नंतरची. १९७८ साली कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन हँग ग्लायडिंग करताना पडली आणि तिच्या कमरेखालची ताकद गेली. मिळालेली जड खुर्ची तिला सोसेना. मग ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांनी त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून तिला हलकी खुर्ची करून दिली आणि त्यातून ‘क्विकी’ हा खुर्च्यांचा ब्रँड उभा राहिला. आपल्याकडे अशा खुर्च्या बरीच वर्षं परदेशातूनच मागवाव्या लागत. आता आयआयटी मद्रासमधून मापाप्रमाणे बनणारी ‘नियोफ्लाय’ आली आणि २०२५ मध्ये तिथूनच ‘वायडी वन’ आली, एकाच नळीचा सांगाडा, वजन साधारण नऊ किलो. नऊ किलो म्हणजे किती, हे ज्यांनी अठरा किलोची खुर्ची ओढलीय त्यांना सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते, कारण बघणाऱ्याला ते जादूच्या प्रयोगासारखं वाटतं आणि करणारीला घामाचं काम.

गाडीचं उजवं दार पूर्ण उघडायचं. खुर्ची सीटला जरा तिरकी लावून ब्रेक लावायचे. डावा हात सीटवर, उजवा खुर्चीच्या नळीवर, मान खाली, आणि एका हिसक्यात अंग आत. मान खाली घालायची विसरलात तर गाडीचं छप्पर आठवण करून देतं. मग पाय एकेक करून हातांनी आत घ्यायचे. पहिल्यांदा कुशन उचलून पलीकडे टाकायची. खुर्चीची पाठ पाडायची. मग खुर्ची जरा कलती करायची, म्हणजे एका बाजूचं चाक जमिनीवरून सुटतं. हबच्या मधोमध एक बटण असतं. ते अंगठ्याने दाबलं की आतल्या दांडीवरच्या बारीक गोळ्या आत सरकतात आणि चाक अलगद हातात येतं. ते डाव्या खांद्यावरून मागच्या सीटवर. खुर्ची फिरवून दुसरं चाक, तेही मागे. आता सीट मागे सरकवायची, पाठ लवंडवायची आणि सांगाडा पुढच्या नळीला धरून वर घ्यायचा. मांडीवर, मग छातीवर, मग स्टिअरिंग आणि हनुवटी यांच्यामधल्या वीतभर जागेतून डाव्या हाताकडे, आणि शेजारच्या सीटवर. तिथे सोलापुरी चादर कायम अंथरलेली असते, कारण पुढच्या छोट्या चाकांना लागलेलं ठाणे शहर सीट कव्हरला लागू नये.

मधल्या टप्प्यात काहीही अडकू शकतं. फूटरेस्ट स्टिअरिंगमध्ये अडकतो, छोटं चाक सीट बेल्टमध्ये, ओढणी कशातही. कोपर हॉर्नवर पडतं आणि पुढचा स्कूटरवाला वळून शिवी घालतो. सगळ्यात जपायचं ते हँड कंट्रोलच्या दांड्याला. माझ्या गाडीत स्टिअरिंगखालचा एक दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की ॲक्सिलरेटर. सांगाडा त्यात गुंतला तर तो ओढलाच जाणार. म्हणून खुर्ची आत येईपर्यंत इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे एसी बंद. मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत छातीवर ॲल्युमिनियम घेऊन बसायचं सुख ज्याचं त्यालाच माहीत.

सांगाडा सीटवर ठेवून निघालं की गाडी किंचाळायला लागते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण देणारा अलार्म सक्तीचा झालाय, आणि गाडीला वाटतं शेजारी कुणी बसलंय. म्हणून खुर्चीलाही बेल्ट लावते. त्याचा खरा उपयोग माजिवड्याच्या पुलाखाली कुणी रिक्षावाला अचानक आडवा आला की कळतो. मोकळा सांगाडा जोरात ब्रेक लागल्यावर कुठे जाईल याचा विचार करवत नाही.

हे शिकले मी व्हिडिओ बघून. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत आणि नंतर फिजिओथेरपीत ट्रान्स्फर शिकवली होती, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर. गाडीत चढणंही थोडंफार झालं होतं. पण खुर्ची आपणच आत घ्यायची, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. व्हिडिओ बहुतेक अमेरिकन. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे सगळंच आरशातलं. तो ज्या हाताने उचलतो त्याच्या उलट हाताने मला उचलायचं. माझा डावा हात अपघाताच्या आधीपासूनच आळशी. शेवटी एका ब्रिटिश बाईंचा व्हिडिओ सापडला. उजवं स्टिअरिंग, छोटी गाडी, बाहेर पाऊस. बघून अगदी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

गाडी घ्यायला गेले तेव्हा शोरूममधला मुलगा मायलेज आणि टचस्क्रीनबद्दल बोलत होता. मला हवं होतं ते त्याच्या ब्रोशरमध्ये नव्हतं. दार किती अंशात उघडतं? सीट जमिनीपासून किती उंच, माझ्या खुर्चीच्या बरोबरीची की वर चढावं लागेल? सीटची पाठ दांडा ओढून पटकन पडते की गोल चकती फिरवत बसायची? स्टिअरिंग वर-खाली होतं का? शेवटी म्हटलं, थांब, करूनच बघते. शोरूमच्या चकचकीत फरशीवर दोन्ही चाकं काढली आणि सांगाडा आत घेतला. मुलगा इतका हबकला की मॅनेजरला बोलावून आला. मॅनेजरने चहा मागवला. उंच एसयूव्ही बाद झाल्या, चार मीटरच्या आतली एक ऑटोमॅटिक हॅचबॅक ठरली. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं हँड कंट्रोलचं किट बसवलं. लायसन्सचं सविस्तर सांगत नाही, तो वेगळा लेख होईल. कायद्यातला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्दप्रयोग २०१९ च्या दुरुस्तीत जाऊन त्या जागी ‘अडॅप्टेड व्हेईकल’ आलं एवढं बरं झालं. परीक्षेत मला गाडी पुढे-मागे घ्यायला लावली, वळण घ्यायला लावलं. खुर्ची कुठे ठेवणार, हे कुणी विचारलं नाही.

रस्त्यावरची खरी अडचण आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीतच आहे. आपण गाडी डाव्या कडेला लावतो आणि ड्रायव्हरचं दार उघडतं रस्त्याच्या बाजूला. चालणाऱ्याला काय, दार किलकिलं करून सटकला. माझं दार सताड उघडं, त्यापुढे खुर्ची, आणि ती चाकं लावून उभी करीपर्यंत गोखले रोडची अख्खी संध्याकाळ तिच्या अंगावरून जाते. बसवाला तर हॉर्नवरचा हात काढतच नाही. एकेरी रस्ता सापडला की मी उजव्या कडेला लावते, दार फुटपाथकडे. नाहीतर सरळ पे-अँड-पार्क शोधते, तिथला माणूस ओळखीचा करून घेते. तळावपाळीला संध्याकाळी जायचा नाद मात्र सोडून दिलाय.

सोसायटीत मला कमिटीने मोठ्या मनाने लिफ्टसमोरची जागा दिली. पाटीसुद्धा लावली. जागा उत्तम, फक्त उजवीकडे पिलर. दार अर्धं उघडायचं आणि मी आत बसून पिलरकडे बघत राहायची. व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या पार्किंगची रुंदी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत ३.६ मीटर दिलीय, साध्या जागेपेक्षा मीटरभर जास्त. तो जास्तीचा मीटर पाटीने मिळत नाही. शेवटी जिन्यामागच्या कोपऱ्यातली, सगळ्यात लांबची जागा मागून घेतली, जिच्या उजवीकडे मोकळी वाट आहे. ज्या काकांची ती होती ते लिफ्टसमोर आल्यामुळे खूश. पण अजूनही बायका हळहळतात, “अगोबाई, तुला एवढ्या लांब टाकलं?” एकेकीला पिलर समजावून सांगायचा आता कंटाळा येतो. “हो ना,” म्हणते आणि जाते.

मग पाऊस. ठाण्याचा पाऊस तिरका येतो. दोन्ही हात कामात, त्यामुळे छत्रीचा उपयोग शून्य. पहिल्यांदा कुशन आत, कारण भिजलेल्या कुशनवर दिवसभर बसणं म्हणजे कातडीशी खेळ, आणि आम्हाला जखम झालेली कळतही नाही. बाकी भिजलं तर भिजलं. चाकांचा चिखल आधी हातांना, मग स्टिअरिंगला, मग कुर्त्यावर बरोब्बर छातीच्या मधोमध, जिथून सांगाडा जातो. ऑफिसमध्ये पावसाळ्यात मी गडद रंगच घालते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की कळव्याकडून जायचं नाही, मुलुंड-ऐरोली पुलावरून वळसा घालायचा, हे ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या सगळ्यांनाच माहीत असतं. पण बाकीचे पाण्यात अडकले तर उतरून ढकलतात तरी. पावसाळ्यानंतर बटणातल्या दांडीत कचकच बसते, तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आणि वर्षभर, बाराही महिने, चाक लावताना ‘टक्’ आवाज आला तरी ते एकदा बाहेर ओढून बघायचं. नीट न बसलेलं चाक पहिल्याच उंचवट्यावर सुटतं आणि आपण आडवे.

लोक मदतीला धावतात. आपल्याकडे धावतातच, आणि ते चांगलंही आहे. वॉचमन, शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर, शाळेतून येणारी मुलं. अडचण एवढीच, की मदत करणाऱ्याला खुर्ची म्हटलं की डिकी आठवते. मी पहिलं चाक काढेपर्यंत त्याने दुसऱ्या बाजूने सांगाडा उचललेला असतो आणि मी “अहो, डिकीत नको, डिकीत नको” ओरडेपर्यंत डिकी बंद करून तो समाधानाने हात झटकत असतो. त्याचं काम झालं. मी ऐरोलीला पोचले की खुर्ची डिकीत आणि मी स्टिअरिंगवर, मधे सगळी गाडी. मग काच खाली करून कुणीतरी येण्याची वाट बघायची. निघताना मदतीला चारजण असतात, पोचल्यावर कोण असेल याचा भरवसा नसतो. म्हणून मी आता आधीच हसून सांगते, “दादा, फक्त दार धरा.” दार धरायला खरंच कुणीतरी लागतं, उताराच्या पार्किंगमध्ये ते सारखं पायावर येतं. आणि काहीतरी करायला मिळालं की माणूस डिकीकडे जात नाही.

मॉलच्या पार्किंगमध्ये एकदा राखीव जागेत गाडी घातली तर सिक्युरिटीवाला धावत आला. त्याने काचेतून आत पाहिलं, शेजारच्या सीटवर बेल्ट लावलेली खुर्ची पाहिली, मागे पाहिलं, मला पाहिलं. “मॅडम, पेशंट कुठंय?”

खांदा दुखतो, हे लिहायला हवं. वर्षानुवर्षं खुर्ची वापरणाऱ्यांचे खांदे झिजतात, ते सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे आणि उपाय म्हणून ते विश्रांती सांगतात. खांद्याला विश्रांती द्यायची म्हणजे मी घरी बसायचं. आता एका दिवसात किती ठिकाणी उतरायचं हे मी मोजून ठरवते. बँक, भाजी आणि मामलेदारची मिसळ यांतलं एक रद्द होतं. बहुतेक वेळा बँक. रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले की आई म्हणते, ड्रायव्हर ठेव. ठेवताही येईल.

पण ड्रायव्हर ठेवला की गोष्ट बदलते, आणि ती मला नीट सांगता येत नव्हती बरेच दिवस. जायला मला कधीच अडचण आली नाही. लग्न असो, बारसं असो, गडकरीला नाटक असो, नेणारे खूप होते आणि आहेत. उचलून नेतील. अडचण होती ती निघण्याची. दुसऱ्याच्या गाडीने गेलं की तो उठेपर्यंत बसायचं. नाटक पडेल असलं तरी तिसऱ्या अंकापर्यंत, जेवण झालं तरी पानसुपारीपर्यंत. सारखं कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघायचं, आता निघायचं म्हणतोय का. एखाद्या घरी कुणी लागेलसं बोललं, तरी तिथेच भिंतीकडे बघत बसायचं, कारण जिना, गाडी, खुर्ची, सगळं त्यांच्याच हातात. आता मी मध्यंतरात उठते. कुणाला सांगत नाही. काही वेळा तर नाटक चांगलं असतं.

तडकाफडकी निघणं मात्र अजून जमलेलं नाही. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी दादाकडे गेले होते, खारेगावला. आमच्याकडे गणपती एक वर्ष त्याच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. दीड दिवसाचा बसवायचा की पाच, यावरून सुरुवात झाली. दादाने मला न विचारता गुरुजींना दीड दिवस सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, बाबा होते तेव्हा पाचच असायचा. तो म्हणाला, तुला काय, तू येणार आणि जाणार, राबायचं आम्हीच. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. मी पर्स उचलली, “येते” म्हटलं आणि निघाले. दार आपटायचा विचार होता, पण ते स्वतःच्या खुर्चीवर आपटेल म्हणून राहू दिलं. लिफ्ट, उतार, गाडी. रागात होते त्यामुळे ट्रान्स्फर झकास झाली.

पहिलं चाक काढतेय तोवर दादा खाली. हातात अळूवडीचा डबा. माझा राहिलेला.

तो काही बोलेना, मीही बोलेना. मी दुसरं चाक काढलं, सीट मागे घेतली. सांगाडा छातीवर घेतल्यावर माणसाकडे रागाने बघता येत नाही, मान वळतच नाही. दादाचे दोन्ही हात डब्यात अडकलेले, आणि मदत करावी तर मी ओरडेन ही भीती. त्याने दार पायाने धरलं. सांगाडा पलीकडे गेला. मी बेल्ट लावला, खुर्चीला लावला, मग स्वतःला. डबा कुठे ठेवायचा हे त्याला कळेना, शेजारच्या सीटवर खुर्ची होती. शेवटी मी खालच्या पायदानाकडे बोट दाखवलं, त्याने वळसा घालून तिथे डबा ठेवला आणि दार लावलं.

मी इंजिन सुरू केलं, एसी लावला, त्याच्या बाजूची काच खाली केली आणि उरलेलं भांडण पूर्ण केलं. वॉचमन दोनदा गाडी हलवा म्हणून सांगून गेला. गणपती पाच दिवसांचा बसला.